अप्पा, ग्लेशियर आणि लंगडी गाय

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण पुण्यात कुणालाही ऐकवली की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘पण तिकडे बघण्यासारखं आहे तरी काय?’ गेली सहा वर्षं मी या प्रश्नाला धड उत्तर शोधतेय. ऊन भरपूर आहे. कृषी विद्यापीठ आहे. गंगाखेडला संत जनाबाईंचं नाव आहे. डोंगर? आहेत ना! गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटाची रांग आहे, आमचं गाव तिच्याच कडेला. पण दर रविवारी राजगड-तोरणा करणाऱ्या माणसाला तो डोंगर दाखवला तर तो नम्रपणे म्हणेल, ‘छान टेकडी आहे.’

तर या टेकडीवर लहानपणी गुरं राखलेल्या माणसाला घेऊन मी पिंडारी ग्लेशियरला जाऊन आले. तो माणूस म्हणजे माझे वडील. वय एकसष्ट, पेशा शेती, हिमालयाचा अनुभव शून्य.

खरं सांगायचं तर माझा असा काही थोर प्लॅन वगैरे नव्हता. आम्ही तिघी मैत्रिणी जाणार होतो. सीझन संपता संपता, दसऱ्यानंतर. पावसाळा सरलेला असतो, हवा लख्ख असते, गर्दी ओसरलेली असते आणि बर्फ पडून वाट बंद व्हायला अजून थोडे दिवस असतात. त्यातल्या एकीचं हिंजवडीतलं रिलीज नेहमीप्रमाणे पुढे ढकललं गेलं आणि तिची रजा रद्द झाली. (तुमच्यापैकी निम्म्या लोकांना आत्ता स्वतःचा मॅनेजर आठवला असेल.) एक जागा रिकामी, पैसे भरलेले. त्याच रात्री आईचा फोन आला.

आई म्हणाली, ‘तुझ्या बापाला चार दिवस कुठंतरी घेऊन जा. घरात माणूस हाय का न्हाई ते कळंना झालंय.’

झालं होतं असं, की मे महिन्यात अप्पांनी बैलजोडी विकली होती. माणक्या आणि सोन्या. दोन्ही लाल कंधारी, आमच्या भागातली जात, गडद लाल रंगाची, उन्हात दिवसभर औताला न थकणारी. पण चाऱ्याचे भाव, राखायला गडी मिळत नाही, आणि ट्रॅक्टरवाला तासाच्या भाड्यानं अख्खं रान नांगरून देतो. हिशेब सगळा बरोबर होता. मीच फोनवर तो मांडून दाखवला होता, एक्सेल शीट उघडून! बैल गेले, आणि अप्पा बोलायचे थांबले. पोळ्याला आईनं मातीचे बैल पाटावर मांडले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. अप्पा तेवढा वेळ शेतात जाऊन बसले होते म्हणे.

आईच्या मनात तिरुपती होतं. मी पिंडारी म्हटलं. ‘ते कोणत्या देवाचं?’ तिनं विचारलं. नंदादेवीचा परिसर आहे म्हटल्यावर तिची परवानगी मिळाली.

प्रवासाबद्दल थोडक्यात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला थांबते आणि थेट दिल्लीला नेऊन सोडते. या गाडीत वाटेतल्या काही स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, फुकट आणि मनापासून. जाणकार प्रवासी घरून ताट-वाटी घेऊनच बसतात. अप्पांनी दोनदा वरण-भात घेतला आणि वाढणाऱ्या सरदारजींना हात जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीत मैत्रीण भेटली, रात्री जुन्या दिल्लीहून राणीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम. तिथून जीपनं अल्मोडा, बागेश्वर, कपकोट. शेवटचा कच्चा रस्ता तर असा, की अप्पा म्हणाले, ‘आपल्या गावचा रस्ता चांगला म्हणायचा.’ पूर्वी ट्रेकर सोंगहून लोहारखेत, धाकुडी करत चालत यायचे. आता जीप खरकियापर्यंत पोचते, तिथून खाती गाव अवघं पाचेक किलोमीटर.

अप्पांचा ड्रेसकोड सांगायलाच हवा. पायजमा, नेहरू शर्ट, त्यावर माझ्या भावाचं जुनं जॅकेट, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर पांढरी गांधी टोपी. बूट मात्र मी महिनाभर आधी पाठवले होते आणि रोज घालून शेतात चालायची सक्ती केली होती. कोणी नव्याकोऱ्या बुटांनी हिमालयात जाणार असाल तर कृपया जाऊ नका. डॉक्टरांनी बीपी तपासून ‘सावकाश जा’ म्हणून सोडलं होतं. रोज आठ-दहा किलोमीटर रानात फिरणारा माणूस तो, आमच्या दोघींपेक्षा त्यांचा दम जास्त होता. लाजच वाटली.

खाती हे या वाटेवरचं शेवटचं वस्तीचं गाव, उंची साधारण २२०० मीटर. म्हणजे परभणीपेक्षा आपण आधीच अठराशे मीटर वर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच! मी आणि मैत्रीण कॅमेरे काढून शिखरांच्या मागे. अप्पा मात्र खालीच बघत होते. घरांच्या छज्जाला मक्याची कणसं टांगलेली, उतारावरच्या पट्ट्यांत लालभडक राजगिरा उभा. ‘राजगिरा!’ अप्पा मोठ्यानं म्हणाले. गेल्या दोन दिवसांत त्यांनी स्वतःहून उच्चारलेला हा पहिला शब्द होता. 

मग गवत. समोरच्या उभ्या कड्यासारख्या उतारावर बायका विळ्यानं गवत कापत होत्या. आपण जिथं हात टेकवून चढू, तिथं त्या भारा पाठीवर घेऊन उतरत होत्या. कापलेलं गवत झाडाच्या खोडाभोवती रचून त्याच्या उंच गंज्या केलेल्या. दोन महिन्यांत सगळं बर्फाखाली जाणार, तोवर जेवढं साठवाल तेवढ्यावर जनावरं हिवाळा काढणार.

‘आपण उन्हाळ्यासाठी कडबा रचतो,’ अप्पा म्हणाले, ‘हे लोक थंडीसाठी. गंजी तीच.’

आणि गायी! आमच्या लाल कंधारीच्या पुढं या गायी म्हणजे वासरंच. काळ्या, तपकिरी, करड्या, बुटक्या, पण खडकावरून बकरीसारख्या चढणाऱ्या. ही बद्री गाय, उत्तराखंडची नोंदणी झालेली पहिली देशी जात. दूध जेमतेम एक-तीन लिटर. पण दिवसभर डोंगर पालथा घालून येते आणि पेंड वगैरे मागत नाही. आमचा गाइड (तिकडं मोठ्या भावाला ‘दाज्यू’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो) ही माहिती मला देत होता, पण ऐकत होते अप्पा. त्यांनी विचारलं, ‘दाज्यू, इसके दात कितने? कायकू पूछ रहा मैं, तो ये म्हातारी दिखती.’ परभणीची दखनी हिंदी कुमाऊंच्या खोऱ्यात! दाज्यूला निम्मं कळलं. पण गायीचं तोंड उघडून दात मोजल्यावर दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

खाती ते द्वाली अकराएक किलोमीटर, जंगलातून, पिंडर नदीच्या काठाकाठानं. २०१३ च्या जूनमधल्या महापुरानं इथले पूल आणि वाटेचे तुकडेच्या तुकडे नेले. अजूनही दरडींच्या पांढऱ्या जखमा दिसतात, काही ठिकाणी ओंडके टाकून केलेले पूल ओलांडावे लागतात. नदीचा आवाज एवढा की बोलायला ओरडावं लागतं. मी अप्पांना ओरडून सांगितलं, ‘ही पुढं कर्णप्रयागला अलकनंदेला मिळते, म्हणजे गंगाच!’

‘कोणती गंगा? आपली?’

आमच्याकडं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. गंगाखेडची गंगा. ती आली त्र्यंबकेश्वरावरून, हिचा काही संबंध नाही, हे मी नदीच्या गर्जनेत ओरडून समजावत होते आणि अप्पा मान हलवत होते. मे महिन्यात आमच्या गंगेत गुडघाभर वाळूतून चालत पलीकडे जाता येतं. ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, ही अशी पांढरीशुभ्र फेसाळ कशी काय? हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण मला तो दिसला.

द्वालीला पिंडर आणि कफनी या दोन नद्या भेटतात. तिथं एक मुक्काम. दुसऱ्या दिवशी फुरकिया, ३२६० मीटर. अंतर पाचच किलोमीटर, पण चढ आणि विरळ हवा. झाडं मागे पडतात, भूर्जाची शेवटची खोडं दिसतात आणि मग नुसतं पिवळं गवत. फुरकियाला एक विश्रामगृह, एक स्वयंपाकघर, बाहेर गोठवणारा वारा. मोबाईलला रेंज शून्य. रात्री खिचडी आली आणि अप्पांनी ताट बाजूला सारलं.

‘डोकं जड झालंय जरा.’

जेवण नको म्हणणारे अप्पा मी आयुष्यात दोनदा पाहिलेत. एकदा आजी गेली तेव्हा, आणि एकदा पोळ्याच्या रात्री (हे आईनं सांगितलेलं). करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बॅगेत होता. माझा आकडा ९०, मैत्रिणीचा ९१, अप्पांचा ८४. ओकारी नाही, धाप नाही, बोलणं स्वच्छ. फक्त डोकेदुखी आणि भूक गेलेली. दाज्यूनं नियम सांगितला, तोच प्रत्येक पुस्तकात लिहिलेला असतो. डोकं दुखत असेल तर एक पाऊलही वर चढायचं नाही. त्याच उंचीवर थांबून आराम पडला तर ठीक, वाढलं तर लगेच खाली, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पहाटे चारला अप्पांचं डोकं तसंच होतं. वाढलंही नव्हतं, कमीही नव्हतं. आकडा ८५.

आता मी काय करायला हवं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. त्यांना घेऊन खाली द्वालीला जायचं. झिरो पॉइंट सात किलोमीटरवर होता. दोन हजार किलोमीटर प्रवास करून आलेली, लेख आधीच कबूल केलेली, डोक्यात फोटोच्या कॅप्शनसुद्धा तयार असलेली मी. अप्पाच म्हणाले, ‘तू जाऊन ये. मी झोपतो.’ आणि मी ते लगेच मानलं. इतकं लगेच, की आता लिहिताना नको वाटतंय. विश्रामगृहातल्या स्वयंपाक करणाऱ्या मुलाला त्यांच्याकडं बघायला सांगितलं, काही वाटलं तर लगेच खाली न्यायचं असं तीन-तीनदा बजावलं, पाण्याची बाटली उशाशी ठेवली, आणि टॉर्च लावून निघाले.

ग्लेशियरबद्दल. पहाटेच्या अंधारात ओढ्यांच्या कडेला बर्फाचा पापुद्रा पायाखाली कडकड मोडतो. मग आधी सगळ्यात उंच टोकाला एक नारिंगी ठिपका पेटतो आणि हळूहळू खाली पसरत येतो. नंदाखाट, छांगुछ, नंदाकोट. नंदाकोट ६८६१ मीटर, म्हणजे एकावर एक चार कळसूबाई ठेवल्या तरी थोडी उरते. मैत्रीण रडली. मी फोटो काढले. तिथं काहीतरी बोलणं म्हणजे आगाऊपणाच झाला असता.

पण खुद्द हिमनदी? आपल्या डोक्यात ग्लेशियर म्हणजे निळा, काचेसारखा बर्फ असतो, वॉलपेपरवरचा. पिंडारी वरच्या अंगाला भेगाळलेल्या पांढऱ्या पायऱ्यांसारखी कोसळत येते खरी, पण तिचं खालचं टोक मळकट आहे, माती-दगडांनी माखलेलं, ओल्या सिमेंटच्या ढिगासारखं. ‘एवढंच?’ मैत्रीण हळूच म्हणाली. मधूनच कुठंतरी धडाड् असा आवाज येतो, दगड सुटल्याचा. झिरो पॉइंटचं कुरणच कडेनं ढासळत चाललंय. अगदी टोकाला जाऊन सेल्फी काढायचा मोह होतो, दाज्यूनं आम्हाला कॉलर धरून मागे ओढलं. जाणार असाल तर त्या कडेपासून लांब राहा, कडा खालून पोखरलेली आहे.

हिमनदीच्या दोन्ही बाजूंना दगड-मातीचे लांबच लांब बांध आहेत, शेताच्या बांधासारखे, फक्त अजस्र. हिमनदी एके काळी तिथवर भरलेली होती, ती खचली आणि बांध उरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी १९०६ मध्ये इथं येऊन या हिमनदीच्या टोकाची नोंद केली होती. १८४५ ते १९६६ या काळात ती सुमारे २८४० मीटर मागे सरकली, वर्षाला सरासरी तेवीस मीटर. तेव्हापासून मागे सरकणं चालूच आहे. हे आकडे मी पुण्यातच वाचून आले होते. पण तेवीस मीटर म्हणजे किती, हे त्या बांधावर नजर फिरवताना अचानक मनात आलं. आमच्या गोठ्यापासून विहिरीपर्यंत. दर वर्षी एक गोठा ते विहीर.

वर नंदाकोटच्या खांद्याशी एक खिंड आहे, ट्रेल्स पास. १८३० मध्ये कुमाऊंचा इंग्रज कमिशनर ट्रेल तिथून पलीकडं गेला, म्हणून त्याचं नाव. असो. दहाच्या सुमाराला ढग वर यायला लागले की सगळं संपतं, म्हणून आम्ही साडेनऊलाच परत फिरलो. अप्पांना दाखवायला चार मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. 

साडेबाराला फुरकियाला पोचले. खोलीत अप्पा नव्हते. अंथरूण घडी घालून ठेवलेलं. बाथरूममध्ये नाहीत, मागच्या अंगणात नाहीत. स्वयंपाकघरातला मुलगा भांडी घासत होता. म्हणाला, ‘अंकलजी? वो तो गायों के साथ नीचे चले गए।’

गायों के साथ?

मला पुढचं नीट आठवत नाही. त्याच्यावर ओरडले एवढं नक्की. बिचाऱ्यानं सांगितलं ते असं, की सकाळी वरच्या कुरणातून एक म्हातारा आणि त्याचा नातू गायी घेऊन उतरत होते. पावसाळाभर जनावरं वर बुग्यालात चरायला ठेवतात आणि थंडी वाढली की गावात उतरवतात, त्यातला हा शेवटचा कळप. एक गाय लंगडत होती, अंकलजी बघायला बाहेर गेले, आणि मग गेलेच. 

फुरकिया ते द्वाली ही पाच किलोमीटरची वाट मी आदल्या दिवशी अडीच तासांत चढले होते. उतरताना मला प्रत्येक वळणावर, प्रत्येक घळीत खाली एक पांढरी टोपी पडलेली दिसत होती. प्रत्यक्षात दिसलं ते शेण, ताजं. शेणाच्या खुणेवर वडलांचा माग काढत हिमालय उतरणारी मी पहिलीच पत्रकार असेन. आत्ता हसू येतंय. तेव्हा मी आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘ते म्हणाले, तू जा’ अशी होती.

द्वालीला, नदीच्या वाळवंटात, सात गायी, दोन वासरं, एक काळा म्हातारा कुत्रा. दगडावर अप्पा बसले होते, तळहातावर खडे मीठ, आणि एक तपकिरी बुटकी गाय त्यांचा हात चाटत होती. शेजारी तो पहाडी म्हातारा विडी ओढत होता.

मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही. निदान चिठ्ठी तरी! निदान निरोप तरी!

‘त्या पोराला सांगितलं होतं की,’ अप्पा म्हणाले. ‘खुराच्या फटीत कपची बसली होती हिच्या. पाय टेकवंना. अडकित्त्याच्या टोकानं काढली. हळद लावली सैपाकघरातली. पर म्हाताऱ्याला दोन हातांनी कळप बी आवरायचा आन् हिला बी सावकाश आणायची, कसं जमंल? म्हनलं चला.’

‘आणि तुमचं डोकं?’

‘कोणतं डोकं?’

ऑक्सिमीटर लावला. ९१. खाली उतरणं हेच औषध, पुस्तकात लिहिलेलं. ते औषध त्यांना मी द्यायला हवं होतं, दिलं एका लंगड्या गायीनं.

त्या रात्री द्वालीला अप्पांनी दोन वेळा खिचडी घेतली. मग चुलीपाशी बसून माझा व्हिडिओ बघितला. पुन्हा लावायला सांगितला. ‘हे वितळतं तेच पाणी का हे?’ बाहेर नदीकडं हात करून विचारलं. मी हो म्हटलं, आणि तेवीस मीटरचं सांगितलं, गोठा-विहीर असं करून. ते बराच वेळ गप्प. ‘म्हातारा बी म्हनत होता, त्याच्या लहानपणी बर्फ लई खाली होता म्हनून. त्याला वाटतं देवी रुसली.’

‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला काय म्हाईत? तू शिकलेली हायेस.’

चुलीत लाकूड फुटलं. मला वाटलं आता झोपायचं. आणि मग ते बोलायला लागले, माझ्याकडं न बघता, जाळाकडं बघून.

‘माणक्या गाडीत चढंना. मे म्हैन्यात. सोन्या चढला, तो भोळा. माणक्या पाय रोवून हुभा. घेणारा मागून काठी घालाया लागला. मी म्हनलं थांब, मारू नको. आधी मी चढलो टेम्पोत. दावं हातात धरलं. मग आला. माझ्या मागं मागं आला, गपगुमान.’

दाज्यू पलीकडं भांडी आवरत होता, त्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो थांबला.

‘मग मी दुसऱ्या बाजूनं खाली उतरलो,’ अप्पा म्हणाले. ‘घेणारा म्हनला, शेतीलाच नेतो. मी मानलं. मानायचंच होतं मला.’

मी काय बोलणार? एक्सेल शीट माझी होती. मी त्यांच्या जवळ सरकून बसले, एवढंच. मगाशी वाळवंटात त्यांच्यावर ओरडले त्याबद्दल माफी मागावी असं वाटत होतं, आणि सकाळी त्यांना सोडून गेले त्याबद्दलही. यातली एकच मागितली. दुसरी या लेखात आहे, आणि ते हा अंक वाचतात. आई वाचून दाखवते.

‘ते ग्लेशर का काय,’ झोपताना म्हणाले, ‘बरं झालं तू बघितलंस, माय. मला दिसलं तुझ्या मोबाईलात.’

सकाळी पहाडी म्हातारा कळप घेऊन पुढं निघाला होता. लंगडी गाय आता चार पायांवर व्यवस्थित चालत होती, किंचित हळू. अप्पांनी त्याला चंचीतली सुपारी दिली, त्यानं अप्पांना कागदात बांधून राजगिऱ्याचं बी दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्यांचा निरोप घेऊन होईना. खातीपर्यंतचे अकरा किलोमीटर आम्ही गायींच्या चालीनं चाललो. एवढ्या सावकाश चालल्यावर कळलं, की येताना मी त्या जंगलातलं जवळजवळ काहीच पाहिलं नव्हतं.

परतीच्या सचखंडमध्ये अप्पांनी समोरच्या बाकावरच्या नांदेडच्या कुटुंबाला सगळी कथा सांगितली. गायीची कथा. ग्लेशियर त्यात एका वाक्यात आलं, ‘पोरगी वर बर्फ बघायला गेली होती.’ बुटांचं मात्र कौतुक केलं.

परवा वसुबारस झाली. मी पुण्यात, नेहमीप्रमाणे एक डेडलाइन गळ्याशी. आईचा फोन आला. शेजाऱ्यांची गाय-वासरू पुजली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी केली, वगैरे वगैरे. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘तुझ्या बापानं कालपासून गोठा काढलाय. ट्रॅक्टरवाल्याचे डिझेलचे डबे ठेवले होते तिथं, ते बाहेर टाकले. दावणीचा एक खुंटा हलत होता, तो ठोकून बसवला. मी विचारलं कशापायी, तर म्हणले, राजगिरा पेरायचा हाय. आता तूच सांग, गोठ्यात कुणी राजगिरा पेरतं का?’